मॉडिफाय केलेली पद्मिनी तापते? कूलिंगचे काम या क्रमाने करा

गाडी तापायला लागली की बहुतेक ठिकाणी एकच क्रम चालतो. आधी थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापल्यावर उघडणारा व्हॉल्व्ह) काढून फेकायचा, मग समोर एक इलेक्ट्रिक पंखा ठोकायचा, आणि तरीही काटा चढला की मोठा रेडिएटर करून घ्यायचा. पैसे संपतात आणि मे महिन्यात बडोद्याच्या मांडवीच्या गर्दीत गाडी पुन्हा वाफा सोडते. हा क्रम चुकीचा आहे. रेडिएटर हे शेवटचे काम आहे, आणि अनेक गाड्यांना ते करावेच लागत नाही.

खालील टप्पे प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या आधीची फियाट ११०० डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहेत: १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड, बेल्टवर फिरणारा वॉटर पंप आणि त्याच पुलीवरचा पंखा. मॉडिफाय म्हणजे नेहमीचे बदल धरले आहेत: हेड घासून वाढवलेले कॉम्प्रेशन, मोठा कार्बोरेटर, नंतर बसवलेला एसी, ग्रिलपुढे फॉग लॅम्प. प्रीमियर ११८ एनई या गाडीचे ११७१ सीसीचे निसान इंजिन बसवले असेल तरी क्रम हाच. फक्त होज, थर्मोस्टॅट आणि गॅस्केट त्या इंजिनचे घ्यायचे.

पेट्रोलमधून निघणाऱ्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग पाण्यात उतरतो. ताकद वाढवली म्हणजे हा भागही वाढला, पण पंप, कोअर (रेडिएटरची जाळी) आणि पंखा मात्र जुन्या हिशोबाचेच राहिले. त्यात जाळी तीस-चाळीस वर्षांची.

टप्पा १ : पाना उचलण्याआधी मोजा

लागणारे सामान: इन्फ्रारेड थर्मामीटर, टायमिंग लाइट, मल्टिमीटर, फीलर गेज, टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजणारा), मापाचे भांडे आणि एक वही.

डॅशवरच्या काट्याची खात्री आधी करा. सेंडर (काट्याला तापमान कळवणारा सेन्सर) काढून त्याचे टोक पाण्याच्या पातेल्यात बुडवा, त्याच्या बॉडीला वेगळी अर्थ वायर जोडा, शेजारी थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापवा. ७०, ८०, ९० आणि ९५ अंशांना काटा कुठे थांबतो त्याच्या खुणा काचेवर करा. जुळवून आणलेला सेंडर आणि मूळचा काटा यांची जोडी जमत नाही, आणि ‘तापणारी’ गाडी कधीकधी फक्त चुकीचा काटा दाखवणारी निघते.

इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत पितळेवर किंवा ॲल्युमिनियमवर धरला तर आकडा बराच कमी दाखवतो. वरच्या टाकीवर, खालच्या टाकीवर आणि थर्मोस्टॅटच्या हाउजिंगवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि नेहमी तिथेच मोजा.

आता लक्षण लिहून ठेवा, कारण पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो.

ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर उतरते: हवा कमी पडते. पंखा, श्राउड (पंख्याभोवतीचे, कोअर झाकणारे पत्र्याचे आवरण), बेल्ट.

ताशी ७०-८० वर सलग चालवली की तापते: पाण्याचा प्रवाह, तुंबलेली कोअर, दबणारा खालचा होज, मागे पडलेले टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) किंवा पातळ मिश्रण (पेट्रोल कमी, हवा जास्त).

थंड इंजिन सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांत तापते आणि रेडिएटरच्या टोपीतून पाणी फेकते: अडकलेला थर्मोस्टॅट किंवा गेलेले हेड गॅस्केट.

फक्त चढावर तापते: टायमिंग, मिश्रण, आणि हो, न सुटणारे ब्रेकसुद्धा. दहा मिनिटे चालवून चारही ड्रमवर थर्मामीटर धरा. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर इंजिन त्या ब्रेकशी झगडते आहे.

दोन टाक्यांमधला फरकही बरेच सांगतो. इंजिन पूर्ण गरम असताना वरच्या आणि खालच्या टाकीत ५ ते १० अंशांचा फरक ठीक. फरक १५ च्या पुढे असेल तर पाणी हळू फिरते आहे. फरक योग्य, पण दोन्ही टाक्या फार गरम असतील तर पाणी फिरते आहे आणि हवा पुरत नाही, किंवा जाळी छोटी पडते. कोअरवर आडवे-उभे मोजत जा. मध्येच थंड पट्टा लागला तर त्या नळ्या बंद आहेत.

> तपासणी: बाहेरचे तापमान दर वेळी लिहा. थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर बाहेर जितके अंश वाढतात, जवळपास तितकेच पाणी चढते. जानेवारीच्या दुपारी २८ अंशांत काटा ९५ वर थांबत असेल तर मे महिन्यात ४३ अंशांत तीच गाडी ११० च्या घरात जाईल. हिवाळ्यातल्या चाचणीने समाधान मानू नका.

टप्पा २ : उष्णता जास्त का तयार होते आहे?

आधी हेड गॅस्केट. थंड इंजिनची टोपी काढा, पाणी तोंडापर्यंत भरा आणि सुरू करा. सतत बारीक बुडबुडे येत राहिले आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढले तर जळालेला वायू पाण्यात शिरतो आहे. खात्रीसाठी लीक टेस्टरचा निळा द्रव वापरतात. वायू असेल तर तो पिवळा पडतो. हे निघाले तर बाकी सगळे थांबवा. गॅस्केट गेलेल्या गाडीला नवा रेडिएटर लावून उपयोग नाही.

हेड उतरवलेच तर सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून पाहा. ०.१ मिमीपेक्षा जास्त वाक असेल तर घासावे लागेल. पण पद्मिनीची बरीच हेड आधीच दोन-तीनदा घासलेली असतात. प्रत्येक घासणीने कॉम्प्रेशन वाढते, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) जवळ येते, आणि नॉकिंग म्हणजे थेट उष्णता. अशा हेडला जाड गॅस्केट किंवा दुसरे हेड शोधणे शहाणपणाचे. बसवताना गॅस्केटवरची पाण्याची भोके ब्लॉकच्या भोकांशी एकेक करून जुळवा. उलटे बसलेले गॅस्केट मागच्या सिलिंडरचे पाणी अडवते आणि बाहेरून काहीच कळत नाही. बोल्ट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा.

टायमिंग कानाने लावू नका. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दाराशी जळत राहते आणि हेड तापते. लवकर पडली की नॉकिंग. व्हॅक्युमची नळी काढून बंद करा, आयडलवर टायमिंग लाइटने पाहा, मग ३००० आरपीएमला खूण पुढे सरकते का पाहा. सरकत नसेल तर डिस्ट्रिब्युटरमधली वजने आणि स्प्रिंग गंजून अडकल्या आहेत. हा दोष फार सापडतो आणि फार थोडे लोक तो शोधतात.

मिश्रणाची गोष्ट आता आणखी महत्त्वाची झाली आहे. पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. निव्वळ पेट्रोल पुरते जाळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५ पट. म्हणजे जुन्या जेटवर इंजिन आपोआप पातळ चालते, आणि पूर्ण भारावर पातळ चालणारे इंजिन गरम चालते. मेन जेट एक-दोन पायऱ्या मोठे लावून पाहा, उदाहरणार्थ १२० च्या जागी १२५. मग भर वेगात इंजिन बंद करून, क्लच दाबून गाडी थांबवा आणि प्लग पाहा: फिका तपकिरी बरोबर, पांढरा पातळ, काळा जाड. त्याच वेळी पेट्रोलचे जुने रबरी पाइपही बदला. इथेनॉल त्यांना फुगवते आणि चिरते.

> इशारा: पाणी ८५ वर आहे, तरी गाडी गर्दीत अडखळून बंद पडते आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते, हे तापणे नव्हे. पेट्रोल पंपात किंवा पाइपमध्ये वाफ धरते आहे. पाइप एक्झॉस्टपासून दूर घ्या आणि पंपाला उष्णता अडवणारा पत्रा लावा. कूलिंगवर पैसे घालू नका.

टप्पा ३ : आतला क्षार आणि गाळ

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचा आणि ब्लॉकचा असे दोन्ही नळ उघडा. ब्लॉकच्या नळातून काहीच आले नाही तर आत चिखल बसला आहे. नळ काढून जाड तारेने भोक मोकळे करा. मागच्या सिलिंडरभोवती गाळ सर्वांत जास्त साचतो, म्हणून फक्त रेडिएटर धुणे हे अर्धे काम. निघालेले पाणी मापाच्या भांड्यात मोजून आकडा वहीत लिहा. पुढे कूलंट भरताना लागेल.

क्षारासाठी लिंबूसत्त्व पुरते. किराणा दुकानात ते लिंबूचे फूल म्हणून मिळते. थर्मोस्टॅट काढा, लिटरला ४० ते ५० ग्रॅम या मापाने विरघळवून भरा, इंजिन फास्ट आयडलवर २०-२५ मिनिटे चालवा, थंड होऊ द्या आणि काढा. पाणी लाल-तपकिरी निघेल. खूपच घाण निघाली तर पुन्हा एकदा. नंतर साध्या पाण्याने तीन-चार वेळा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. लिंबूसत्त्वाचे पाणी रात्रभर आत ठेवू नका.

> इशारा: तेजाब आणि कॉस्टिक सोडा नको. दोन्ही ॲल्युमिनियमचे हेड खातात. ब्लॉकच्या बाजूच्या वाटीसारख्या प्लगवर गंजाचे फोड दिसत असतील तर धुण्याआधीच नवे प्लग बसवा; धुतल्यावर जुने गळणारच, कारण गंजानेच भोक बुजवलेले असते.

उलटे धुणे शेवटी. रेडिएटर गाडीतून काढा, खालच्या तोंडातून पाणी सोडा आणि वरून बाहेर येऊ द्या. बागेच्या पाइपचा दाब पुरे. गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाने जुन्या टाकीचा डाख सुटतो आणि बाहेरून मारला तर फिन आडव्या होतात. फिनमधले किडे आणि धूळ इंजिनच्या बाजूने पुढे, मऊ ब्रश आणि साबणाच्या पाण्याने काढा.

टप्पा ४ : पंप, बेल्ट, होज, थर्मोस्टॅट, टोपी

पंपाच्या खालच्या छोट्या भोकातून पाणी झिरपले की सील गेले. पुली हलवून बेअरिंगचा खेळ पाहा. पंप उघडलाच तर पात्या गंजून झिजल्या आहेत का आणि पात्या-हाउजिंगमधले अंतर मिलिमीटरभरापेक्षा फार जास्त आहे का ते बघा. डुप्लिकेट पंप इथेच मार खातो: पात्या पत्र्याच्या, अंतर मोठे, आयडलला पाणी जवळपास फिरतच नाही. जुना पंप चांगला असेल तर फक्त बेअरिंग आणि सील बदलणे उत्तम.

बेल्ट दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने जोरात दाबल्यावर १० ते १५ मिमी दबावा. ढिला बेल्ट घसरतो आणि पंप व पंखा दोन्ही मंदावतात. फार ताठ बेल्ट पंपाचे बेअरिंग खातो. बेल्ट पुलीच्या तळाला टेकत असेल तर तो कितीही ताणला तरी घसरेल, नवा घ्या. पंप जोरात फिरावा म्हणून छोटी पुली लावण्याचा मोह होतो. तसे करू नका. वरच्या आरपीएमला पंपात पाण्याऐवजी वाफेचे फुगे फिरू लागतात.

खालचा होज शोषणाच्या बाजूला असतो. टोपी लावून, गरम इंजिन ३००० आरपीएमला धरून त्याच्याकडे पाहा. चपटा होत असेल तर आत स्प्रिंग असलेला होज घ्या. सलग वेगात तापणाऱ्या गाडीत पहिला संशय याच्यावरच घ्यावा.

थर्मोस्टॅटविषयी स्पष्टच सांगायचे तर तो काढून टाकणे हा उपाय नाही. ज्या रचनेत थर्मोस्टॅट उघडताना बायपास (रेडिएटर टाळून पाणी परत नेणारी वाट) बंद करतो, तिथे तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता परत पंपाकडे वळतो. शिवाय थर्मोस्टॅटच्या अडथळ्याने हेडमधल्या पाण्यावर दाब टिकतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळ वाफेचे बुडबुडे बनत नाहीत. हिवाळ्यात तेच इंजिन ६० अंशांवर चालते, पेट्रोल पिते आणि ऑइलमध्ये चिकट थर धरतो. ८२ अंशांना उघडणारा घ्या. ७१ चा घेऊन मे महिन्यात काही मिळत नाही: थर्मोस्टॅट फक्त खालची मर्यादा ठरवतो, वरची नाही.

> तपासणी: नवा थर्मोस्टॅटही पातेल्यात टाकून पाहा. ८२ च्या आसपास हलायला लागावा आणि पाणी उकळण्याआधी ८ मिमीच्या आसपास उघडावा. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे. हवा निघायचे बारीक भोक वर ठेवा. भोक नसेल तर ३ मिमीचे पाडा.

टोपी ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू. उघड्यावर पाणी १०० अंशांना उकळते, ०.५ बारच्या टोपीखाली सुमारे १११ ला, ०.९ बारला सुमारे ११८ ला. पण टोपी पाणी थंड करत नाही, फक्त उकळणे लांबवते. जुन्या पितळी टाकीला मूळ आकड्यापेक्षा जास्त दाबाची टोपी लावली की वरच्या टाकीचा डाख पहिला उघडतो. नव्याने कोअर केलेल्या रेडिएटरलाच, तोही चाचणी करून, ०.९ पर्यंत जा.

पाणी जमा करणारी बाटली लावायची असेल तर परतीचा छोटा व्हॉल्व्ह आणि वरचे रबरी वायसर असलेली टोपी हवी. साध्या टोपीने बाटलीत पाणी जाते, परत येत नाही. आणि नळीचे टोक बाटलीच्या तळापर्यंत, कायम पाण्याखाली असले पाहिजे.

टप्पा ५ : हवा कुठून जाते?

बहुतेक गाड्यांचा प्रश्न इथे सुटतो, आणि खर्च सर्वांत कमी. हवेला सोपी वाट मिळाली की ती जाळीतून जाणार नाही. रेडिएटरच्या बाजूच्या फटीतून निघून जाईल.

१. ग्रिलपुढून आडोसा काढा. मोठे फॉग लॅम्प, बॅजची पट्टी, जाडजूड गार्ड, मधोमध लावलेली नंबरप्लेट. दिवे हवेच असतील तर बंपरखाली, कडेला न्या.

२. रेडिएटर आणि पुढच्या पत्र्यामधल्या बोट शिरेल एवढ्या सगळ्या फटी बंद करा. पाणी न शोषणारी फोमची पट्टी किंवा दाराचे रबर वापरा. गादीचा स्पंज नको. पहिल्या पावसात पाणी धरतो आणि पत्रा गंजवतो.

३. एसीचा कंडेन्सर असेल तर त्याच्या आणि रेडिएटरच्या मध्ये १५ ते २५ मिमी अंतर ठेवा आणि चारही बाजू पट्टीने बंद करा. कंडेन्सरमधून आलेली हवा आधीच तापलेली असते. त्यात इंजिनची गरम हवा फिरून पुढे आली तर उभ्या गाडीत दोन्ही यंत्रणा बसतात.

४. मूळच्या पंख्याला श्राउड बनवा. एक मिमीचा पत्रा पुरतो. मकरपुरा जीआयडीसीत कार्डबोर्डचा नमुना दिला की पत्रा वाकवून देणारे मिळतात. श्राउडने पूर्ण कोअर झाकली पाहिजे, फक्त पंख्याचे वर्तुळ नाही. पात्यांची रुंदी साधारण अर्धी श्राउडच्या आत, अर्धी बाहेर. पात्यांचे टोक आणि कडा यांत १५ ते २० मिमी. त्याहून कमी ठेवण्याचा हट्ट नको, कारण इंजिन रबरावर हलते.

> इशारा: श्राउड बसवण्याआधी इंजिन माउंटिंग तपासा. फाटलेले माउंटिंग जोरात ब्रेक मारल्यावर इंजिन पुढे सोडते आणि पंखा नव्या जाळीत घुसतो. पंखा आणि कोअर यांत किमान २५ मिमी हवेत.

बॉनेटचा मागचा भाग वायसर घालून उचलण्याची पद्धत आहे. उभ्या गाडीत थोडी गरम हवा निघते, हे खरे. पण वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, ती हवा उलट आत शिरते आणि रेडिएटरमधून येणारी हवा अडते. शहरापुरती गाडी असेल तर चालेल, हायवेसाठी नको.

एवढे करून पुन्हा मोजा. आकडे जमले असतील तर पुढचे दोन टप्पे सोडा आणि थेट कूलंटकडे जा.

टप्पा ६ : इलेक्ट्रिक पंखा, लागलाच तर

पहिला प्रश्न डायनामोचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या जनरेटरचा. जुन्या गाडीत अजून डायनामो असेल तर इलेक्ट्रिक पंखा लावू नका. आयडलला डायनामो जवळपास काही देत नाही, आणि पंखा नेमका तेव्हाच लागतो. हेडलाइट १० अँपिअर, पंखा १२, एसीचा ब्लोअर ८, इग्निशन ४ असा हिशोब धरला तरी ३४ होतात. आधी अल्टरनेटर, मग पंखा.

पंखा कोअरच्या मागे, हवा ओढणारा घ्या. पुढे लावलेला, हवा ढकलणारा पंखा चालत नसताना स्वतःच आडोसा होतो. मारुती ८००चा पंखा बाजारात सहज मिळतो, पण तो त्याच्या श्राउडसकट घ्या. वायर उलटी जोडून ओढणाऱ्याचा ढकलणारा केला तर पंखा फिरतो, पण पात्यांचा बाक उलटा पडल्याने हवा निम्मीच येते. ग्रिलसमोर कागद धरा: तो जाळीला चिकटून राहिला पाहिजे.

कोअरमधून प्लास्टिकच्या काड्या घालून पंखा बांधू नका. कंपनाने काडी नळी घासते आणि काही महिन्यांत भोक पडते. पत्र्याची चौकट करा आणि ती रेडिएटरच्या बाजूच्या पट्ट्यांना बोल्ट करा.

जोडणी: बॅटरीपासून वीतभर अंतरात ३० अँपिअरचा फ्यूज, तिथून ४ चौरस मिमीची वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ नंबरहून पंखा. ८६ ला इग्निशन, ८५ ला थर्मोस्विच आणि त्यातून अर्थ. थर्मोस्विच ९२ ला चालू, ८७ ला बंद होणारा. ८२ च्या थर्मोस्टॅटला ८० चा स्विच लावला तर पंखा कधीच बंद होणार नाही, हे गणित अनेकदा चुकते. एसीच्या क्लचची वायर वेगळ्या रिलेने याच पंख्याला द्या, म्हणजे एसी लागताच पंखा फिरेल.

मूळचा पंखा काढायचा की ठेवायचा? नीट श्राउड असेल तर मूळचा ठेवून इलेक्ट्रिक फक्त एसीसाठी वापरणे बडोद्याच्या हवेत जास्त भरवशाचे. जळालेला रिले वाहतुकीत कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

टप्पा ७ : रेडिएटर

इथपर्यंत येऊनही दोन्ही टाक्या गरम राहत असतील तर जाळी छोटी आहे. मूळ टाक्या ठेवून तांबे-पितळेची तीन ओळींची नवी कोअर करून घ्या. इंचाला १० ते १२ फिन पुरे. दाट जाळी दिसायला भारी, पण पद्मिनीच्या पंख्याला तिच्यातून हवा ओढवत नाही. कोअर जाड झाली की पंख्याचे अंतर पुन्हा मोजा.

कारागिराकडून रेडिएटर घेण्याआधी तीन गोष्टी समोर करून घ्या. खालचे तोंड हाताने बंद करून रेडिएटर भरा आणि हात काढा: पाणी पूर्ण तोंडाने धो धो पडले पाहिजे. टोपीच्या आकड्यापेक्षा ०.२ बार जास्त हवा भरून हौदात बुडवा. आणि डाखकामाचे तेजाब आत राहू नये म्हणून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने रेडिएटर इंजिनला जोडण्याआधी धुऊन घ्या.

ॲल्युमिनियमचा रेडिएटर बसवणार असाल तर रबरावर बसवा आणि त्याच्यावरून कुठलीही अर्थ घेऊ नका. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी पाण्यात, सगळे दिवे चालू. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर इंजिनची अर्थ पट्टी खराब आहे. ती बदलल्याशिवाय हा रेडिएटर टिकणार नाही.

टप्पा ८ : कूलंट भरणे आणि हवा काढणे

बोअरचे पाणी कधीच नको. टप्पा ३ मध्ये काढलेला क्षार त्याचाच होता. नळाचे त्यापेक्षा बरे, पण वापरायचे नाही. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. टीडीएस मीटर लावून पाहा. घरच्या एसीतून ठिबकणारे पाणी फुकटचे डिस्टिल्ड म्हणून वापरतात, त्यात धूळ, बुरशी आणि तांब्याचे अंश येतात. बाजारातले डिस्टिल्ड घ्या, मीटरवर १० च्या आत.

आपल्याकडे गोठण्याची भीती नाही; कूलंट लागते ते गंज थांबवायला आणि उकळबिंदू वाढवायला. ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, म्हणून ५० टक्के घालून फायदा नाही. ३५ टक्के योग्य. टप्पा ३ मध्ये मोजलेले पाणी समजा ५ लिटर असेल, तर १.७५ लिटर कॉन्सन्ट्रेट. आधी कॉन्सन्ट्रेट भरा आणि वरून पाणी. ब्लॉकच्या कोपऱ्यात धुण्याचे पाणी उरलेले असते, त्यामुळे उलट क्रमाने कॉन्सन्ट्रेटला जागा उरत नाही. तांबे-पितळ आणि डाखाच्या रेडिएटरला सिलिकेट असलेले पारंपरिक कूलंट घ्या. रंगावर जाऊ नका, डब्यावर वाचा. दोन प्रकार मिसळले की आत जेलीसारखा गाळ धरू शकतो. दर दोन वर्षांनी बदला.

भरताना गाडीचे नाक चढावर ठेवा. हीटर असेल तर त्याचा नळ उघडा. हळूहळू भरा आणि वरचा-खालचा होज हाताने दाबत राहा. टोपी न लावता सुरू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भरा. बाटली असेल तर काठोकाठ. नसेल तर तोंडापासून २५-३० मिमी खाली, नाहीतर फुगून बाहेर पडेल आणि गाडी पाणी ‘पिते’ असा गैरसमज होईल.

> इशारा: गरम इंजिनची टोपी उघडू नका, आणि उकळलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. ॲल्युमिनियमचे हेड वाकते. अर्धा तास थांबा.

टप्पा ९ : चाचणी

एप्रिल-मेच्या दुपारी, याच क्रमाने. एका वेळी एकच बदल करून चाचणी घ्या. दोन एकत्र केले तर कोणत्याने फरक पडला ते कळत नाही.

पहिली उभ्याने: सावलीत २० मिनिटे आयडल, एसी असेल तर चालू. काटा एका जागी थांबला पाहिजे, हळूहळू चढत राहता कामा नये. दुसरी संध्याकाळी रावपुऱ्यातून मांडवीकडे, गर्दीत. तिसरी अहमदाबाद एक्सप्रेसवेवर आणंदच्या एक्झिटपर्यंत, ताशी ८० च्या आत सलग. चौथी आणि खरी, चांपानेरहून पावागडावरच्या माचीपर्यंतचा चढ, दुसऱ्या गिअरमध्ये. यात्रेच्या दिवशी जाऊ नका, मध्येच उभे राहावे लागले तर आकड्यांना अर्थ राहत नाही.

८२ च्या थर्मोस्टॅटला ८५ ते ९५ चांगले. चढावर ९८ पर्यंत जाऊन सपाटीवर दोन-तीन मिनिटांत उतरले तरी ठीक. १०५ ला थांबा: गाडी कडेला, एसी बंद, इंजिन फास्ट आयडलवर एक-दोन मिनिटे, काटा उतरत नसेल तर बंद. ९० पर्यंत येऊन मग खाली न येता तिथून पुन्हा चढत जाणारा काटा हवा अडकल्याचा असतो. थंड झाल्यावर टप्पा ८ पुन्हा करा.

पहिल्या दोन-तीन चाचण्यांनंतर, इंजिन थंड असताना, सगळ्या होज क्लिप पुन्हा आवळा, नव्या बेल्टचा ताण बघा, कूलंटची पातळी वहीत लिहा. हेड उतरवले असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितले असल्यास सुमारे ५०० किमीनंतर हेडचे बोल्ट त्याच क्रमाने पुन्हा टॉर्कला आणा आणि टॅपेट जुळवा.